प्लॅनिंग न करता मुलांना घेऊन थेट इमॅजिकाला पोहोचलात? मग गेटवरची ही पंधरा मिनिटं अख्खा दिवस वाचवतील

शनिवार-रविवारला जोडून सोमवारची सुट्टी आली. घरच्यांनी अष्टविनायकाचं ठरवलं. महडच्या वरदविनायकाचं दर्शन झालं, गाडी खोपोलीवरून पालीच्या रस्त्याला लागली आणि मागच्या सीटवरून आवाज आला, "बाबा, इमॅजिका!"

आता पोरांनी बोर्ड वाचलाय म्हटल्यावर विषय संपला. आई म्हणते, "अहो, इथवर आलोच आहोत तर जाऊ की." आजी म्हणते, "जा तुम्ही, मी बसते कुठंतरी." आणि गाडी वळते.

घड्याळात साडेबारा. तिकीट काढलेलं नाही. जास्तीचे कपडे नाहीत. एक मूल नऊ वर्षांचं, दुसरं चार. सकाळी पोहे खाल्लेत त्यावरच सगळे आहेत.

आपल्याकडं निम्म्या सहली अशाच होतात. त्यात चुकीचं काही नाही. पण थीम पार्क ही जागा बागेसारखी नाही, की गेलो, बसलो, फिरलो, आलो. तिथं माणशी चांगले पैसे मोजून आत जायचं असतं आणि आत गेल्यावर पहिल्या तासात जे चुकतं ते संध्याकाळपर्यंत भरून निघत नाही. मग सहा वाजता पार्किंगमध्ये एक पोर रडत असतं, दुसरं फुगलेलं असतं आणि नवरा-बायको एकमेकांशी बोलत नसतात.

हे टाळायला महिनाभर आधी प्लॅनिंग करायची गरज नाही. थीम पार्क चालतं कसं, एवढं समजलं तरी गेटवर उभं राहून दिवस नीट लावता येतो.

गोंधळाची सुरुवात डिस्नेलँडपासून

थीम पार्कमध्ये तयारीशिवाय गर्दी झाली की काय होतं याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे डिस्नेलँडचा पहिला दिवस.

तारीख १७ जुलै १९५५. कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅनाहाइममध्ये वॉल्ट डिस्ने यांचं पार्क उघडलं. त्या दिवशी फक्त निमंत्रितांना प्रवेश होता. पण निमंत्रणपत्रिका बनावट छापल्या गेल्या आणि ठरवलेल्या पाहुण्यांच्या जवळपास दुप्पट, म्हणजे सुमारे २८ हजार लोक आत आले. ऊन कडक होतं. नवा डांबरी रस्ता इतका मऊ झाला की बायकांच्या सँडलच्या टाचा त्यात रुतायला लागल्या. खाण्याचे स्टॉल रिकामे झाले. त्यातच प्लंबर लोकांचा संप झालेला, त्यामुळं पिण्याच्या पाण्याचे नळ आणि टॉयलेट यांतलं एकच काम वेळेत पूर्ण होणार होतं. डिस्नेंनी टॉयलेट निवडलं. नळ कोरडे राहिले.

आज सत्तर वर्षांनंतर कुठल्याही पार्कमध्ये जा, कुटुंबाचा दिवस बिघडतो तो याच चार गोष्टींनी. गर्दी, ऊन, खाणं आणि पाणी. राइड किती भारी आहे हा प्रश्न त्यानंतर येतो.

जत्रेत पैसे संपतात, थीम पार्कमध्ये वेळ संपतो

आपण जत्रेत वाढलेली माणसं. जत्रेत आकाशपाळण्याचे पैसे वेगळे, मौत का कुआँचे वेगळे. खिशातले पैसे संपले की चला घरी. त्यामुळं पोरं तिथं बरोबर हिशोब करतात, "आज पाळणा की ड्रॅगन ट्रेन?"

डिस्नेलँडमध्येही सुरुवातीची बरीच वर्षं असंच होतं. प्रवेशाचे पैसे वेगळे आणि राइडसाठी कुपनांचं पुस्तक. साध्या राइडला स्वस्त कुपन, सगळ्यात भारी राइडला 'ई' कुपन. ही पद्धत १९८२ मध्ये बंद झाली आणि एकाच तिकिटात सगळं सुरू झालं. आज आपल्याकडंही मोठ्या पार्कमध्ये हेच चालतं.

पण एकदा पैसे भरले की सगळं फुकट वाटायला लागतं, आणि जे फुकट असतं त्याला रांग लागते. म्हणजे आत गेल्यावर तुम्ही पैशानं खर्च करत नाही, वेळानं करता. साडेबाराला आत गेलात आणि पार्क सातच्या आसपास बंद होणार असेल तर तुमच्या खिशात साडेसहा तास आहेत. जेवण, टॉयलेट, चालणं आणि "बाबा, मला उचल" यात दोन तास जातात. उरले साडेचार. एका राइडला रांगेसकट पाऊण तास लागला, तर दिवसात सहाच राइड.

आणि इमॅजिकासारख्या ठिकाणी मोठ्या-लहान मिळून त्याच्या कितीतरी पट राइड आहेत. म्हणजे 'सगळं बघून येऊ' हे शक्यच नाही. प्रश्न एवढाच, की कुठल्या सहा?

गेटवरच्या पंधरा मिनिटांत काय करायचं?

तिकीट खिडकीवर जायच्या आधी गाडीतच किंवा सावलीत थांबून या गोष्टी उरका.

एक, फोनवर पार्कची वेबसाइट उघडा. पार्क आज चालू आहे का, बंद किती वाजता होतं आणि आजचं तिकीट ऑनलाइन काही वेगळ्या दरानं मिळतंय का ते बघा. खिडकीवरचा आणि ऑनलाइन दर सारखाच असेल असं नाही.

दोन, नेमकं कुठं जायचंय ते ठरवा. मनमोहन शेट्टी यांनी २०१३ मध्ये सुरू केलेलं आणि २०२२ पासून संगमनेरच्या मालपाणी समूहाकडं असलेलं इमॅजिका हे खरंतर एक पार्क नाही. थीम पार्क वेगळं, वॉटर पार्क वेगळं, स्नो पार्क वेगळं. साडेबाराला पोहोचलेल्या माणसानं 'दोन्ही करू' म्हणून कॉम्बो घेतलं, तर दोन्हीकडं अर्धंमुर्धं होतं.

तीन, मुलांची उंची. बऱ्याच पार्कमध्ये मुलाचं तिकीट वयावर नाही, उंचीवर ठरतं. अगदी लहान मुलांना तिकीट लागतही नाही. त्यामुळं "हाफ तिकीट आहे का?" असं विचारण्याऐवजी "उंचीचा नियम काय?" असं विचारा.

चार, आज कुठल्या राइड बंद आहेत? हा प्रश्न जवळपास कुणीच विचारत नाही. देखभालीसाठी एखाद-दोन राइड बंद असणं नेहमीचं आहे. ज्या राइडसाठी पोरगं आठवडाभर यूट्यूब बघतंय तीच बंद असेल, तर ते पैसे भरायच्या आधी कळलेलं बरं.

पाच, प्रत्येक मुलाला एकच प्रश्न विचारा. "आज एकच राइड मिळाली तर कुठली?" नऊ वर्षांच्या मुलाची एक आणि चार वर्षांच्या मुलाची एक. या दोन राइड आधी. बाकी जे मिळेल ते बोनस. यामुळं संध्याकाळी काहीही राहिलं तरी 'माझं राहिलं' असं कुणी म्हणत नाही.

रांगेची लांबी फसवते, वेग बघा

रांगेचं गणित सोपं आहे. राइडमध्ये एका फेरीत किती माणसं बसतात आणि तासाला किती फेऱ्या होतात, याचा गुणाकार.

समजा एका कोस्टरमध्ये २४ जण बसतात आणि दर तीन मिनिटाला गाडी सुटते. तासाला २० फेऱ्या, म्हणजे ४८० माणसं. तुमच्यापुढं २४० जण असले तरी अर्ध्या तासात नंबर लागतो.

आता शेजारी लहान मुलांची छोटी राइड. १२ जण बसतात, चढ-उतार धरून चार मिनिटाला एक फेरी. तासाला १५ फेऱ्या, १८० माणसं. इथं पुढं फक्त ९० जण असले तरी तोच अर्धा तास लागतो.

रांग लहान दिसते म्हणून आपण चार वर्षांच्या लेकराला घेऊन तिथं उभे राहतो आणि जागेवरून हलतच नाही. म्हणून रांगेत शिरायच्या आधी एक फेरी सुटेपर्यंत बाहेर उभं राहून बघा. किती जण बसले, किती वेळानं पुढची फेरी सुटली. दोन मिनिटांचं काम आहे.

दुसरी गोष्ट, गर्दी सगळीकडं सारखी नसते. लोक आत शिरले की समोर जे मोठं दिसतं तिकडं जातात. डिस्नेलँडमध्ये मधोमध किल्ला ठेवलाय तो उगीच नाही, लांबून दिसेल आणि माणसं तिकडं ओढली जातील म्हणूनच. त्यामुळं आत गेल्यावर पहिल्या चौकात न थांबता पार्कच्या सगळ्यात आतल्या टोकाकडं चालत सुटा आणि तिथून मागं या. उशिरा आलेल्यांना हे जास्तच कामी येतं.

तिसरी गोष्ट, दीड ते अडीच ही जेवणाची वेळ. सगळे फूड कोर्टात असतात तेव्हा राइडच्या रांगा थोड्या हलक्या होतात. तुम्ही आल्या-आल्या काहीतरी खाऊन घ्या आणि लोक जेवायला गेले की रांगेत लागा. पण पोट भरून लगेच गोल फिरणारी राइड नको. पुढं काय होतं ते सांगायला नको.

रांग टाळायचं तिकीटही मिळतं. डिस्नेनं १९९९ मध्ये फास्टपास आणला तेव्हा तो फुकट होता. मशीनमध्ये तिकीट घालायचं, वेळ लिहिलेली चिठ्ठी घ्यायची आणि त्या वेळेला यायचं. २०२१ पासून त्याची जागा पैसे देऊन घ्यायच्या पासनं घेतली. इमॅजिकातही एक्सप्रेस तिकिटाचा प्रकार आहे. लाँग वीकेंडला उशिरा पोहोचला असाल आणि मुलं मोठ्या राइडच्या उंचीची असतील तर त्याचा विचार करा. मुलं लहान असतील तर नको, कारण ते बहुतेक फिरणार लहान मुलांच्या राइडवरच.

आणि रांगेत उभं राहायचंच असेल, तर पोरांना कामाला लावा. डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ मध्ये रांगेच्या मानसशास्त्रावर एक निबंध लिहिला, तो आजही वाचला जातो. त्यांचं म्हणणं साधं होतं. हाताला काम असेल तर वाट बघणं कमी वाटतं आणि किती वेळ लागणार ते माहीत नसेल तर जास्त वाटतं. म्हणून पार्कवाले रांगेतच टीव्ही आणि सजावट लावतात. तुम्ही गावांच्या भेंड्या लावा. आणि "आलाच नंबर" असं दर दोन मिनिटाला सांगण्यापेक्षा "अजून पाच फेऱ्या" असं सांगा. पोरं मोजत बसतात.

उंचीच्या पट्टीशी भांडू नका

सगळ्यात जास्त रडारड होते ती या पट्टीपाशी. पाऊण तास रांगेत उभं राहून पुढं आलो आणि तिथला मुलगा म्हणतो, "छोट्याला नाही सोडता येणार."

मग आपण सुरू होतो. "अहो, दोन बोटं तर कमी आहे. मी धरतो ना त्याला."

इथं थांबा. मोठ्या कोस्टरला साधारण १२० ते १४० सेंटीमीटर उंची मागतात, ती धाडस मोजायला नाही. सीटवरचा दांडा किंवा खांद्यावरचा पट्टा ठरावीक आकाराच्या शरीराला धरून ठेवायला बनवलेला असतो. शरीर लहान असेल तर दांडा मांडीवर घट्ट बसत नाही, मधे फट राहते आणि गाडी उसळली की मूल खालून निसटू शकतं. शेजारी मोठं माणूस बसलं असेल तर दांडा त्याच्या पोटाला अडतो आणि लहानाच्या बाजूला आणखी सैल राहतो. आणि 'मी धरतो' हे त्या वेगात कुणालाच जमत नाही. इमॅजिकातल्या नायट्रोला पाच ठिकाणी माणूस उलटा होतो आणि पायाखाली फरशीसुद्धा नाही.

म्हणून बुटात कागद कोंबणं, टाचा वर करायला लावणं असलं काही नको. त्यापेक्षा आत गेल्या-गेल्या जी पहिली उंचीची पट्टी दिसेल तिथं दोन्ही मुलांना उभं करा आणि नकाशावर बघून सांगून टाका, "या चार तुझ्या, या तीन त्याच्या." वाईट बातमी रांगेच्या आधी दिली तर पाच मिनिटांत विसरली जाते.

मोठ्याला कोस्टरवर जायचंय आणि धाकटा बसू शकत नाही, तर जगभरच्या पार्कमध्ये एक पद्धत आहे. एक पालक मोठ्याबरोबर जातो, दुसरा धाकट्याला घेऊन थांबतो, मग दुसऱ्याला पुन्हा रांग न लावता आत सोडतात. आपल्याकडं हे सगळीकडं नाही, पण ऑपरेटरला नीट विचारलं तर कळतं. नाहीच म्हणाले तर दोन गट करा. "तुम्ही कोस्टर उरका, आम्ही टब्बीकडं." सगळ्यांनी सगळीकडं एकत्र फिरायचा हट्ट सोडला की अर्धी भांडणं मिटतात.

सगळ्यांना एकत्र बसता येईल अशा गोष्टी दुपारी १ ते ४ साठी राखून ठेवा. आय फॉर इंडिया, मिस्टर इंडिया किंवा राजासॉरससारख्या राइड छताखाली आहेत. बाहेर ऊन तापलेलं असताना आत बसलेलं बरं. जाता-जाता पोरांना सांगा, की राजासॉरस हा खरोखरचा डायनासोर आहे. गुजरातमध्ये नर्मदेच्या खोऱ्यात त्याची हाडं सापडली आणि २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याला हे नाव दिलं.

वॉटर पार्कला अचानक गेलात तर

इथं मात्र बिनतयारीचं जास्त महाग पडतं, आणि मी फक्त पैशाबद्दल बोलत नाहीये.

आधी कपडे. सुती टी-शर्ट, जीन्स, साडी चालत नाही. नायलॉनचे कपडे लागतात, नसतील तर भाड्यानं किंवा विकत घ्यावे लागतात. यात कमाईचा भाग असेलही, पण कारण खरं आहे. सुती कपडा पाणी पिऊन जड होतो, घसरगुंडीवर अडकतो आणि त्याचे धागे पाण्याच्या फिल्टरमध्ये जाऊन बसतात. गाडीत प्रत्येकाचा एक नायलॉनचा जोड आणि टॉवेल कायम ठेवला तर हा खर्च वाचतो.

आता महत्त्वाचं. बुडणारं मूल ओरडत नाही. सिनेमात हात हलवून 'वाचवा' म्हणतात तसं होत नाही. तोंड पाण्याखाली जात असतं, श्वास घ्यायलाच जमत नाही तर आवाज कुठून येणार? शेजारी दहा माणसं नाचत असताना एक मूल शांतपणे खाली जाऊ शकतं. वेव्ह पूलमध्ये तर लाट आली की गुडघाभर पाणी क्षणात छातीला लागतं.

म्हणून नियम एकच. पोहता न येणारं मूल हाताच्या अंतरावर. दंडाला बांधायचे फुगे म्हणजे खेळणं, सुरक्षा नाही. आणि 'आपण सगळे आहोत की' असं म्हणायचं नाही, कारण सगळे असतात तेव्हा कुणाचंच लक्ष नसतं. अर्धा तास बाबा, अर्धा तास आई, असं नाव घेऊन ठरवा. ज्याची पाळी त्याच्या हातात मोबाइल नाही.

मूल हरवू शकतं, हे धरूनच चाला

सुट्टीच्या दिवशी पार्कमध्ये हजारो माणसं असतात. पाणी घ्यायला वळलात आणि हात सुटला, एवढंच पुरतं. गेटवर दोन मिनिटांत तीन कामं करा.

मुलांचा फोटो काढा, आज घातलेल्या कपड्यांत, पूर्ण उंचीचा. घाबरलेल्या आईला शर्टाचा रंग आठवत नाही.

मनगटावर किंवा दंडावर पेननं तुमचा मोबाइल नंबर लिहा. वॉटर पार्कमध्ये पेन पुसतं, तिथं चार वर्षांच्या मुलाचा हात सोडूच नका.

आणि मुलाला दाखवून ठेवा, की हा असा शर्ट घातलेले दादा-ताई म्हणजे इथं काम करणारे. चुकलास तर आम्हाला शोधत फिरायचं नाही, यांच्याकडं जायचं.

तरी हरवलंच, तर पहिल्यांदा पाण्याच्या जागा बघा. कारंजी, तलाव, पूल. एकानं तिकडं धावायचं, दुसऱ्यानं जवळच्या कर्मचाऱ्याला सांगायचं. दोघांनी एकाच दिशेला पळायचं नाही.

आजी-आजोबांचं काय?

"मी बसते कुठंतरी" हे ऐकून त्यांना उन्हातल्या बाकावर बसवून जाऊ नका. पूर्ण तिकीट काढून दिवसभर पिशव्या सांभाळायला लावणं बरोबर नाही. लॉकर घ्या. त्यांना छताखालच्या शोला आणि बोटीच्या राइडला बरोबर न्या, पण बीपी, हृदयाचा किंवा पाठीचा त्रास असेल तर आधी पाटीवरची सूचना वाचा. गुडघे दुखत असतील तर व्हीलचेअर मिळते का ते गेटवरच विचारा.

आणि कधी परत फिरायचं?

अडीच वाजून गेलेत, पार्किंग भरलंय, तिकिटाची रांग गेटबाहेर आलीय, धाकटा पेंगतोय. अशा वेळी आत जाणं म्हणजे पूर्ण तिकिटात दोन राइड. पावसाळ्यात खोपोलीकडं धो-धो पाऊस असतो, विजा चमकायला लागल्या की बाहेरच्या राइड थांबवतात आणि पाऊस थांबेपर्यंत तुम्ही छताखाली. अशा दिवशी पैसे परत मिळायचा नियम काय आहे ते विचारूनच तिकीट काढा.

न जायचं ठरलं तर मुलांना तारीख द्या. "पुढच्या वेळी" नको, त्यांना त्याचा अर्थ बरोबर कळतो. शाळा जूनच्या मध्यावर सुरू होतात, त्यानंतरच्या साध्या वारी गर्दी कमी असते. डिसेंबर-जानेवारीत मात्र साध्या वारीही शाळांच्या सहली असतात, ते लक्षात ठेवून दिवस निवडा.

आणि आत गेलात तर बंद व्हायच्या तासभर आधी पोरांना सांगून ठेवा, "आता शेवटची एक." कुठली ते त्यांनाच ठरवू द्या. बहुतेक वेळा ते नायट्रो-बियट्रो सोडून सकाळी केलेलीच एखादी साधी राइड पुन्हा मागतात. तेव्हा "एवढे पैसे भरले आणि तू हेच काय करतोस" असं म्हणू नका.

पुढच्या लाँग वीकेंडला घरच्या ग्रुपवर 'कुठंतरी जाऊया का' असा मेसेज येणारच आहे. त्याच्या खाली हे टाकून ठेवा.